तोलण्यातून मोजणे
रेणुभाराच्या अध्यापनाविषयी काही विचार

रसायनशास्त्राच्या शालेय अभ्यासक्रमातील जी उदाहरणे विद्यार्थी लवकर शिकतो, परंतु ज्यांचा अर्थ त्याला फार उशिरा उमगतो, त्यांत संयुगाचा रेणुभार काढण्याच्या उदाहरणाला अग्रस्थान द्यावे लागेल. सूत्र दिलेले असते आणि अणुभारांचा तक्ता शेजारी असतो. प्रत्येक मूलद्रव्याचा अणुभार त्याच्या अणूंच्या संख्येने गुणावा, आलेल्या गुणाकारांची बेरीज करावी आणि उत्तराखाली रेघ ओढावी, एवढ्यात काम संपते. विद्यार्थ्याला गुण मिळतात, शिक्षकांचे समाधान होते. मात्र ही अंकगणिताचीच एक शाखा असून प्रत्यक्ष पदार्थांशी तिचा संबंध नावापुरता आहे, अशी समजूत विद्यार्थ्याच्या मनात रुजते.

ही समजूत हानिकारक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. रेणुभाराच्या उदाहरणात बेरीज हे केवळ साधन आहे. त्याचा हेतू मोजणी हा आहे. डोळ्यांना न दिसणारे आणि हातांनी न मोजता येणारे कण तराजूच्या साहाय्याने कसे मोजावेत, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे रेणुभार. हा हेतू सांगितल्यावाचून कृती शिकविणे म्हणजे कुलूप न दाखविता किल्ली फिरविण्याचा सराव करून घेण्यासारखे आहे. आपल्याच देशात घडलेल्या एका कार्याच्या आधाराने हे मत वाचकांपुढे मांडण्याचा या पुस्तिकेत प्रयत्न केला आहे.

मोजणीचे काम तराजूवर

लोखंडी सामानाच्या दुकानात एक हजार बोल्ट आणि तितकेच नट हवे असले, तर दुकानदार ते एकेक करून मोजीत बसत नाही. एक बोल्ट दहा ग्रॅमचा व एक नट चार ग्रॅमचा असेल, तर तो दहा किलोग्रॅम बोल्ट आणि चार किलोग्रॅम नट तोलून देतो. दोन्ही ढिगांचे वजन वेगवेगळे असते. पण संख्या सारखी असते, आणि प्रत्येक बोल्टाला त्याचा नट मिळतो. याउलट दोन्ही वस्तू पाच-पाच किलोग्रॅम दिल्या, तर वजन सारखे भरेल. परंतु साडेसातशे नट जोडीवाचून पडून राहतील.

रसायनाच्या व्यवहारात नेमके हेच घडते. अणू व रेणू एकमेकांशी संयोग पावतात ते संख्येने, वजनाने नव्हे. परंतु प्रयोगशाळेत आपल्या हाती तराजू असतो, मोजणीयंत्र नसते. म्हणून ज्या वजनात कणांची एक ठराविक संख्या मावते, ते वजन प्रत्येक पदार्थासाठी माहीत असणे आवश्यक ठरते. ही ठराविक संख्या म्हणजे एक मोल. मराठीतील किंमत या अर्थाच्या 'मोल' शब्दाशी या परभाषेतून आलेल्या संज्ञेचा काहीही संबंध नाही. डझन म्हणजे बारा, ग्रोस म्हणजे एकशे चव्वेचाळीस, तसा मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण. एखाद्या पदार्थाच्या एक मोल कणांचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचे मोलर वस्तुमान. रेणुभाराचा आकडा ग्रॅममध्ये वाचला की तेच मिळते. जुन्या पाठ्यपुस्तकांत यालाच ग्रॅम-रेणुभार म्हणत असत.

या संज्ञेचा इतिहासही आपल्या म्हणण्याला पुष्टी देणारा आहे. १९७१ साली मोल हे आंतरराष्ट्रीय एककांच्या पद्धतीत मूलभूत एकक म्हणून स्वीकारले गेले, तेव्हा त्याची व्याख्या वजनावर आधारलेली होती : कार्बन-१२ या समस्थानिकाच्या बारा ग्रॅममध्ये जितके अणू असतात तितके कण, असे तिचे स्वरूप होते. २० मे २०१९ पासून ही व्याख्या बदलली. आता वर दिलेली संख्या हीच व्याख्या आहे, आणि ती अचूक म्हणून निश्चित केलेली आहे. जगातील मापनशास्त्रज्ञांनी मोलाला वजनाच्या आधारावरून काढून संख्येच्या आधारावर बसविले. आपल्या वर्गांतील अध्यापनानेही तीच दिशा धरावी, एवढेच माझे मागणे आहे.

ग्लुकोजचे उदाहरण

कृती स्पष्ट व्हावी म्हणून ग्लुकोजचे मोलर वस्तुमान काढू. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे सहा, हायड्रोजनचे बारा आणि ऑक्सिजनचे सहा अणू असतात. कार्बनचा अणुभार १२.०११, सहाने गुणल्यास ७२.०६६. हायड्रोजनचा १.००८, बाराने गुणल्यास १२.०९६. ऑक्सिजनचा १५.९९९, सहाने गुणल्यास ९५.९९४. बेरीज १८०.१५६. अर्थात १८०.१६ ग्रॅम ग्लुकोजमध्ये एक मोल रेणू असतात.

येथे बहुतेक विद्यार्थी थांबतात. वस्तुतः येथून आरंभ व्हावयास हवा. या आकड्याचा उपयोग काय? माझ्यापुढे १३.५ ग्रॅम ग्लुकोज असेल, तर १३.५ ला १८०.१६ ने भागून मला कळते की त्यात ०.०७५ मोल, म्हणजेच ७५ मिलिमोल रेणू आहेत. भागाकाराच्या या एका पायरीने वजनाचे रूपांतर संख्येत झाले. ही पायरी ज्याने केली नाही, त्याने रेणुभाराचे उदाहरण अर्धेच सोडविले आहे.

अणुभारांच्या तक्त्यातील अपूर्णांकांविषयीही येथेच दोन शब्द सांगावेत. क्लोरिनचा अणुभार ३५.४५ आहे, परंतु इतक्या भाराचा क्लोरिनचा एकही अणू सृष्टीत नाही. काही अणूंचा भार सुमारे ३५ व काहींचा सुमारे ३७ असतो, आणि निसर्गात ते ज्या प्रमाणात मिसळलेले आढळतात, त्या प्रमाणाने काढलेली ही सरासरी आहे. म्हणजे तक्त्यातील हा आकडासुद्धा अखेरीस मोजणीतूनच सिद्ध झालेला आहे.

जलसंजीवनीची पुडी

१३.५ ग्रॅम ग्लुकोज हा आकडा वर सहज म्हणून घेतलेला नाही. आरोग्यकेंद्रांतून आणि औषधाच्या दुकानांतून मिळणाऱ्या जलसंजीवनीच्या पुडीत एक लिटर पाण्यासाठी नेमके इतके ग्लुकोज असते. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००२ साली पुरस्कारिलेल्या सूत्रानुसार त्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि निर्जल ग्लुकोज १३.५ ग्रॅम असते. एकूण वजन २०.५ ग्रॅम.

हे आकडे वाचणाऱ्यास विचित्र वाटतात. २.६ च का? ३ का नाही? मिठाच्या पाचपटीहून अधिक ग्लुकोज कशासाठी? वजनांच्या भाषेत या प्रश्नांना उत्तर नाही. संख्येच्या भाषेत ते तत्काळ सापडते. मिठाचे मोलर वस्तुमान ५८.४४, म्हणून २.६ ग्रॅम मिठातून सुमारे ४४.५ मिलिमोल सोडियम मिळते. सायट्रेटचे, त्यातील स्फटिकजलासह, २९४.१०, त्याच्या प्रत्येक घटकात सोडियमचे तीन अणू असल्याने २.९ ग्रॅममधून सुमारे २९.६ मिलिमोल सोडियम मिळते. दोन्ही मिळून ७४ पेक्षा किंचित अधिक, म्हणजे व्यवहारात ७५. ग्लुकोजचे रेणूही ७५. वजनांच्या विषमतेमागे संख्येची ही समानता दडलेली होती.

आतड्याच्या अस्तरातील पेशी ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आत घेतात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी शोषले जाते. ही गोष्ट रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडली. पटकीसारख्या रोगात शरीर पाण्यावाचून कोरडे पडत असतानाही शोषणाची ही वाट बहुतांशी उघडी राहते. तेव्हा योग्य संख्येने सोडियम व ग्लुकोज दिले, तर पाणी तोंडावाटे देऊनही रोगी वाचू शकतो.

या तत्त्वाची मोठी कसोटी १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे लागली. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात सीमा ओलांडून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीने थैमान घातले होते. शिरेतून देण्याचे द्रव संपत आले होते. अशा वेळी डॉ. दिलीप महालनाबिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज कलकत्त्यात तोलून पिशव्यांत भरले, छावणीत ते पाण्यात विरघळविले आणि रुग्णांच्या नातलगांच्या हाती दिले. मृत्यूंचे जे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांपर्यंत गेले होते, ते त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत चार टक्क्यांच्याही खाली आले. २०२२ साली डॉ. महालनाबिस यांचे निधन झाले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला.

त्या मिश्रणात एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज होते. पुढे १९७५ साली आंतरराष्ट्रीय स्तरावर स्वीकारलेल्या सूत्रात २० ग्रॅम आले. वरवर पाहता कोणी म्हणेल की, दोन ग्रॅम कमी केले. तसे मुळीच नाही. बनगावचे ग्लुकोज बाजारात मिळणारे, प्रत्येक रेणूसोबत पाण्याचा एक रेणू बाळगणारे होते. त्याचे मोलर वस्तुमान १९८.१७. बावीसला या आकड्याने भागा : १११ मिलिमोल. नंतरच्या सूत्रातील ग्लुकोज निर्जल होते, वीसला १८०.१६ ने भागा : पुन्हा १११ मिलिमोल. वजने दोन, संख्या एकच.

याच प्रकारचे दुसरे उदाहरण १९८० च्या दशकातील आहे. खाण्याचा सोडा असलेल्या पुड्या उष्ण व दमट हवेत लवकर बिघडत. म्हणून त्याच्या जागी सायट्रेट घालण्यात आले. अडीच ग्रॅम सोड्याच्या जागी २.९ ग्रॅम सायट्रेट. सोड्याचे मोलर वस्तुमान ८४.०१; त्यातून सोडियमचे सुमारे ३० मिलिमोल मिळत. सायट्रेटमधूनही तितकेच मिळतात, हे आपण वर पाहिलेच. अखेर २००२ साली मीठ व ग्लुकोज दोन्ही कमी करण्यात आले. कारण पातळ द्रवाचे शोषण अधिक चांगले होते. फार घट्ट द्रव आतड्यात पोचला, तर तो शरीरातीलच पाणी आपल्याकडे ओढतो. हा ओढा द्रवातील कणांच्या एकूण संख्येवर अवलंबून असतो. ती संख्या लिटरमागे ३११ मिलिमोलवरून २४५ वर आणली गेली : सोडियम ७५, क्लोराइड ६५, ग्लुकोज ७५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०. विद्यार्थ्यांनी ही बेरीज स्वतः करून पाहावी.

सूत्रातील पाणी

ग्लुकोजच्या या उदाहरणातून आणखी एक धडा मिळतो. बेरीज कितीही अचूक केली, तरी सूत्रच चुकीचे घेतले असेल, तर उत्तर निरुपयोगी ठरते. आजच्या सूत्रातील १३.५ ग्रॅम निर्जल ग्लुकोजऐवजी कोणी तितकेच सजल ग्लुकोज तोलले, तर द्रवात ७५ ऐवजी ६८ मिलिमोल रेणू उतरतील. तराजू बरोबर, बेरीज बरोबर, आणि तरीही द्रव चुकीचा. योग्य वजन १४.८५ ग्रॅम आहे, हे ज्याला काढता येते त्याला रेणुभार समजला असे म्हणता येईल.

शाळेच्या कपाटातील मोरचुदाच्या बरणीतही हाच धडा भरलेला असतो. मोरचुदातील कॉपर सल्फेटचे मोलर वस्तुमान १५९.६१ आहे, परंतु त्या निळ्या खड्यांत कॉपर सल्फेटच्या प्रत्येक घटकासोबत पाण्याचे पाच रेणू असतात. पाण्याचे १८.०१५ पाचने गुणून मिळविले, तर २४९.६८ होतात. दशांश मोल मोरचूद हवे असता कोणी १५.९६ ग्रॅम निळे खडे तोलले, तर त्याच्या पदरी हव्या त्यापेक्षा तृतीयांशाहूनही अधिक कमी भरेल. तोलावयास हवे होते २४.९७ ग्रॅम.

सूत्राचे महत्त्व विज्ञानाच्या इतिहासानेही अधोरेखित केले आहे. डाल्टनने पाण्याच्या कणात हायड्रोजनचा एक व ऑक्सिजनचा एक अणू मानला. तोलणे प्रामाणिक असूनही ऑक्सिजनचा अणुभार त्यामुळे खऱ्याच्या निम्म्याहून कमी आला. अव्होगाड्रोने १८११ साली वायूंच्या आकारमानावरून रेणूंची संख्या ताडण्याचा मार्ग दाखविला. परंतु सुमारे अर्धशतक त्याकडे दुर्लक्ष झाले. कानिझारो याने १८५८ साली त्या मार्गाचे सुसंगत विवेचन केले आणि १८६० च्या कार्ल्सरूए येथील परिषदेनंतर रसायनशास्त्रज्ञांचे अणुभारांविषयी हळूहळू एकमत होत गेले. तोवरचा गोंधळ बेरजेचा नव्हता, मोजणीचा होता.

दोन आक्षेप

माझ्या या मताला दोन आक्षेप घेतले जातील, आणि ते दोन्ही विचारार्ह आहेत.

पहिला आक्षेप शिक्षकांचा. वर्गात साठ विद्यार्थी, प्रयोगशाळेत एक तराजू, वर्षअखेर परीक्षा आणि परीक्षेत प्रश्न बेरजेचाच. अशा स्थितीत अर्थ शिकविण्यास वेळ कोठून आणावा? ही अडचण खरी आहे आणि तिचा दोष शिक्षकांवर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु तिचे मूळ प्रश्नपत्रिकेत आहे, म्हणून उपायही तेथूनच सुरू व्हावा. 'ग्लुकोजचा रेणुभार काढा' याऐवजी 'या पुडीत सोडियमचे व ग्लुकोजचे कण समसमान आहेत काय, ते दाखवा' असा प्रश्न विचारला, तर अध्यापन आपोआप बदलेल. त्याला अधिक तराजू लागत नाहीत.

दुसरा आक्षेप असा की, ही बेरीज आता यंत्र क्षणार्धात करते. मग विद्यार्थ्याला ती शिकवावीच कशाला? मला वाटते, हा आक्षेप माझ्याच बाजूचा आहे. यंत्राला जे सूत्र द्यावे त्याची बेरीज ते बिनचूक करते. पण हातातील बरणीत निर्जल पदार्थ आहे की सजल, हे त्याला आपण सांगावे लागते. आलेल्या आकड्याने गुणावे की भागावे, आणि उत्तर संभाव्य आहे की असंभाव्य, याची जबाबदारीही यंत्राकडे हात दाखवून टळत नाही. बेरजेचे ओझे उतरले असेल, तर तो वेळ अर्थाकडे द्यावा. तथापि पाच-दहा संयुगांची बेरीज विद्यार्थ्याने हाताने केलीच पाहिजे. कारण संख्येचा आवाका हाताने केल्यावाचून अंगी मुरत नाही.

काय करता येईल

चार सूचना करून हे विवेचन संपवितो. त्यांपैकी एकीलाही मोठा खर्च नाही.

पहिली : रेणुभाराचे प्रत्येक उत्तर एका पूर्ण वाक्यात लिहून घ्यावे. '५८.४४' असे न लिहिता '५८.४४ ग्रॅम मिठात एक मोल सोडियम व एक मोल क्लोराइड असते' असे विद्यार्थ्याने लिहावे. एककावाचून आलेला आकडा अपुरा मानावा.

दुसरी : मोरचूद तापविण्याचा प्रयोग शिक्षकांनी वर्गापुढे एकदा तरी करून दाखवावा. पाच ग्रॅम खडे मंद आचेवर तापविले की निळा रंग जाऊन पांढरी भुकटी उरते आणि तिचे वजन सुमारे ३.२ ग्रॅम भरते. उडून गेलेले १.८ ग्रॅम म्हणजे सूत्रातील पाच पाण्यांचे वजन. भुकटी थंड झाल्यावर तिच्यावर पाण्याचे थेंब टाकताच निळा रंग परत येतो. मोरचूद विषारी असल्याने ते तोंडात जाणार नाही याची दक्षता घ्यावी आणि आच फार वाढवू नये. कागदावरील सूत्र आणि पात्रातील पदार्थ एकच आहेत, ही खात्री या प्रयोगाने जितकी पटते तितकी व्याख्यानाने पटत नाही.

तिसरी : आकड्यांचा विवेक शिकवावा. ज्या तराजूवर ग्रॅमचा दहावा भागच कळतो, त्यावर तोललेल्या २.६ ग्रॅम मिठासाठी मोलर वस्तुमानाची पाच दशांश स्थळे घेणे हा व्यर्थ डामडौल आहे. उत्तरात तितकेच आकडे ठेवावेत जितक्यांची हमी आपले मापन देते.

चौथी : जलसंजीवनीची एक पुडी वर्गात आणावी. तिच्यावर छापलेली वजने फळ्यावर लिहावीत आणि त्यांवरून कणांची संख्या विद्यार्थ्यांकडून काढवून घ्यावी. ज्या पुडीने देशोदेशीची असंख्य बालके वाचविली, तिचे गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला येऊ शकते, ही जाणीव त्याला विज्ञानाकडे वळविण्यास पुरेशी आहे.

बनगावच्या छावणीसाठी पिशव्या भरणाऱ्यांपुढे तराजू होता आणि तराजूवर ग्रॅम होते. परंतु रोग्याच्या आतड्यात काम करणार होते ते कण. ग्रॅमपासून कणांपर्यंतचे अंतर ज्या एका आकड्याने तोडले, तोच आकडा आपण मुलांना बेरीज म्हणून शिकवितो. तो त्यांना मोजणी म्हणून शिकवावा, ही शिक्षकांना आणि परीक्षा घेणाऱ्या मंडळांना माझी आग्रहाची विनंती आहे.